प्लगदादाची बॅटरी

पाण्याचे फिल्टर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आईवडिलांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण गिऱ्हाइकं त्याला प्लगदादा म्हणायची. कारणही तसंच होतं. उन्हातून आलेला माणूस घरात शिरला की पाणी मागतो, निदान पंख्याखाली उभा राहतो. हा दारातूनच भिंती न्याहाळायला लागायचा. "ताई, बोर्ड कुठे आहे तुमचा? जरा फोन चार्जिंगला लावतो, मग फिल्टर बघतो." एका आजोबांनी तर तोंडावर विचारलं होतं, "फिल्टर दुरुस्त करायला येतोस की आमची वीज प्यायला?" तो हसला, आणि हसता हसता चार्जर लावून मोकळा झाला.

फोन तसा बरा होता, पण नाकापेक्षा मोती जड झाला होता. कंपनीचं ॲप दिवसभर चालू हवं, कारण माणूस कुठल्या गल्लीत आहे ते साहेबांना नकाशावर दिसायला हवं. फिल्टर उघडण्याआधी व्हिडिओ, बसवल्यावर पुन्हा व्हिडिओ, आणि दोन्ही तिथल्या तिथे पाठवायचे. सुटे भाग मागवायचं ॲप वेगळं, पत्ता शोधायचं वेगळं. शिवाय साहेबांचा ग्रुप होताच. त्यावर सकाळपासून सुविचार आणि दमदाट्या, एकाआड एक. दुपारी फोन तव्यासारखा तापायचा आणि बॅटरीचा आकडा लाल व्हायचा. फोन बंद पडला की कंपनीच्या लेखी हा गैरहजर, आणि हातातलं काम दुसऱ्याच्या वाट्याला.

या गर्दीत एकच ॲप त्याच्या स्वतःच्या कामाचं होतं. ते बाबांसाठी होतं.

बाबा शिंपी. आयुष्यभर लोकांची मापं तोंडपाठ ठेवली, आणि म्हातारपणी स्वतःचं घर विसरायला लागले. मुलाला कधी ओळखायचे, कधी नाही. पण त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून "ही शिवण कुणी घातली? हात मोडले होते का त्याचे?" हे मात्र रोज विचारायचे. घरात कुणी नसलं की कडी काढून दुकान उघडायला निघायचे. दुकान विकून जमाना झाला होता. प्लगदादाची बायको औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला जायची, तिथे गेटवरच फोन काढून घेत. म्हणून समोरच्या वहिनींनी सुचवलं, "बाहेरून कुलूप घालून जात जा. कोणी नावं ठेवणार नाही." एरवी हा गरीब गाय, पण त्या दिवशी भडकला. "बापाला कोंडू? चोर आहे का तो?"

तोडगा काढला भाचीनं. तिनं काड्यापेटीएवढं एक यंत्र आणलं. ते बाबांच्या बंडीच्या आत राहणार आणि बाबा गल्लीचं टोक ओलांडून गेले की मामाच्या फोनवर भोंगा वाजणार. यंत्रासाठी आतला खिसा बाबांनीच शिवला, कुणासाठी शिवतोय ते न कळता, पण शिवण अशी की बोट फिरवलं तरी लागू नये. भोंगा वाजला की प्लगदादा वहिनींना फोन करायचा आणि वहिनी चपला अडकवून पळायच्या. "चला, गिऱ्हाईक येऊन बसलंय घरी," म्हटलं की बाबा लगबगीनं परत फिरायचे. ही युक्ती वहिनींची. कुलुपाचा राग त्यांनी मनात धरला नाही, हे त्यांचे उपकारच.

"मामा, बाकी काहीही बंद कर, हे बंद करू नकोस," भाचीनं बजावलं होतं. त्यानं ते पाळलं. उठता बसता अंगठ्यानं बाकीची ॲपं वर ढकलून बंद करायची त्याला सवयच जडली. कंपनीचं ॲप हाकललेल्या मांजरासारखं पुन्हा येऊन बसायचं. बाबांच्या ॲपला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. पॉवर बँक घेतली, ती फुगली. मग फोनवाल्याकडे गेला. फोनवाला म्हणाला, "नवी बॅटरी टाकतो की दादा, पण खाणारी तोंडं तीच राहणार."

अशात कंपनीनं आपलं ॲप नवीन केलं. दुष्काळात तेरावा महिना. आता व्हिडिओ मोठा हवा, आवाज स्पष्ट हवा, आणि माणूस जिन्यात थांबला तरी नकाशाला कळायला हवं. बॅटरी पहिल्या दोन-तीन घरांतच मान टाकायला लागली. तेव्हा एके सकाळी फोननंच विचारलं, बॅटरी वाचवायची का? त्यानं हो म्हटलं. त्याला वाटलं, फार तर पडदा थोडा अंधारेल. कुणालाही तसंच वाटलं असतं.

फोनचा हिशोब साधा होता. जे ॲप बरेच दिवस उघडलं नाही त्याला झोपवायचं. बाबांचे पाय सुजले होते आणि सूज उतरेपर्यंत कितीतरी दिवस ते खुर्चीतून हलले नव्हते. भोंगा वाजला नव्हता, म्हणून यानं ते ॲप उघडलं नव्हतं. कंपनीची ॲपं तो घडीघडी उघडायचा, तेव्हा तीच गरजेची, असं फोननं धरलं.

तो दिवस त्याच्यासाठी सणासारखा गेला. दुपार झाली तरी आकडा हिरवा. त्या आजोबांकडे पुन्हा जाणं झालं, त्यांनी आपणहून बोर्ड दाखवला, तर हा ऐटीत म्हणाला, "आज नको आजोबा, आज पोट भरलेलं आहे." घरी जाताना त्यानं बाबांसाठी केळी घेतली.

दार उघडं होतं. खुर्ची रिकामी होती. वहिनी त्याचा चेहरा बघूनच बाहेर आल्या. "तुझा फोन नाही आला, म्हणून मी निर्धास्त होते रे."

त्यानं ते ॲप उघडलं, आणि ते जागं झालं. मग भोंगा वाजायला लागला. एकदा, पुन्हा, पुन्हा. दुपारपासून अडकून पडलेल्या सगळ्या हाका एकामागून एक आल्या. वहिनी कानावर हात ठेवून उभ्या राहिल्या. प्लगदादा पळत सुटला तरी खिशात भोंगा वाजतच होता.

बाबा बाजाराच्या मागे सापडले, पाइपसाठी खणलेल्या चरात. उजवं मनगट मोडलं होतं, तोंडावर रक्त सुकलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं होतं, प्यायलेला म्हातारा आहे. मुलाला बघून ते म्हणाले, "दुकानाची किल्ली सापडत नाहीये हो." तो चरात उतरून त्यांच्याजवळ बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबा डाव्या हातानं त्याची बाही चाचपत राहिले.

मनगट वाकडंच जुळलं. सुई हातातून गेली ती गेलीच. प्लगदादानं बॅटरी वाचवणं बंद केलं, तर फोन दुपारच्या आत बंद पडायला लागला, आणि बंद फोनवर कुठला भोंगा वाजणार? गैरहजेऱ्या लागल्या. तो साहेबांना जाऊन भेटला, वडिलांचं सगळं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता, त्यानं चहा दिला. "अरे, माझाच फोन दुपारी मरतो," तो म्हणाला. "ॲप वरून येतं, माझ्या हातात काही नाही. पण आता गैरहजर दिसलास तर तुझं नावच निघेल." घरी आल्यावर बायकोनं टेबलावर कुलूप ठेवलं. "मी आणलंय. लावायचं तू," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून भांडी घासायला बसली.

त्यानं कुलूप लावलं. बॅटरी वाचवणं पुन्हा चालू केलं, बाबांचं ॲप काढून टाकलं, यंत्र भाचीला परत दिलं. खिसा बंडीत तसाच आहे, रिकामा. आता बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते. गिऱ्हाइकं विचारतात, "काय प्लगदादा, नवा फोन वाटतं?" तो म्हणतो, "नाही, तोच आहे." मग फिल्टर उघडतो.

रोज सकाळी तो किल्ली फिरवतो आणि आतून दारावर थाप पडते. "अहो, बाहेर कोण आहे? दार अडकलंय बघा. जरा माझ्या मुलाला फोन लावता का? तो कुठेही असला तरी येतो."

"लावतो," तो म्हणतो, आणि किल्ली खिशात टाकून जिना उतरतो.