पिशव्यांपाशी बसलेली वहिनी

"सुमन गेली," दादा फोनवर एवढंच म्हणाला. वहिनीला जाऊन महिना होत आला. दहाव्याला धायरीच्या घरी नातलग जमले, तेव्हा हाच दादा येईल त्याला सांगत होता, "हौस मात्र सगळी पुरवली हो तिची. महाबळेश्वर, प्रतापगड, रायगड... दर वर्षी नेलं." माझं डोकंच फिरलं. नेलं, हो. कुठपर्यंत नेलं, तेही सांगा की लोकांना.

सहलीच्या दिवशी वहिनी पहाटे उठून पंधरा माणसांच्या पोळ्या लाटायची. गडाच्या पायथ्याशी उतरलो की सगळ्यांच्या पिशव्या, डबे, स्वेटर एका झाडाखाली, आणि शेजारी वहिनी. असं कुणी ठरवलं नव्हतं, तिला विचारलंही नव्हतं. आम्ही बुरुजावर फोटो काढायचो, खाली येऊन तिच्या हातचं हादडायचो आणि वर तिलाच ऐकवायचो, "काय वारा होता गं, तू यायला हवं होतंस." लाज कोळून प्यालेली माणसं आम्ही.

चार वर्षांपूर्वी प्रतापगडाला ती बूट घालून आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुधा, आज तू बसतेस का इथे? मला एकदा वर जाऊन बघायचंय. पुढे गुडघे ऐकायचे नाहीत." मी म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की, वहिनी. आज माझ्या मैत्रिणी आल्यात ना..." ती "बरं" म्हणाली. चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर आज मला इतकं लागलं नसतं. पुढच्या वर्षी गुडघ्यांनी खरंच दगा दिला.

कोणत्या तोंडाने दादावर ओरडणार? तरी ओरडले. सगळ्यांसमोर. "ती एकदाही वर गेलेली नाही, दादा." तो गोंधळला. "काहीतरीच काय? होतीच की ती आपल्याबरोबर." त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचाच जास्त संताप आला.

गेल्या रविवारी एकटीच प्रतापगडाला गेले. वर चढले नाही. त्या झाडाखाली दोन तास बसले. तिथून ना बुरुज दिसतो, ना दरी. समोर गाड्यांच्या मागच्या काचा, कणसाची गाडी आणि वर जाणाऱ्या लोकांच्या पाठी. दर वर्षी एवढंच बघून वहिनी घरी यायची आणि शेजारणींना सांगायची, "गड फार सुंदर आहे हो. एकदा जाऊन याच."