पर्समधला बत्ता

सुभेदारांसमोर "रिकामं आहे" असं म्हणायची सोय नव्हती. चहाचा कप रिकामा आहे म्हणून मी उचलायला गेले, की ते आधी त्यात डोकावून बघत. कुकरची वाफ गेली म्हटलं, की शिट्टी उचलून बघत. लिफ्टचं दार उघडलं की मान आत घालून चारी कोपरे न्याहाळत आणि मगच "चला वहिनी" म्हणत. पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा मी मांडलेलं स्वच्छ ताट त्यांनी उलटं करून पाहिलं. माझ्या घासणीवर शंका! दोन दिवस मी ह्यांच्याशी अबोला धरला. खरं म्हणजे सुभेदारांशी धरायला हवा होता, पण पाहुण्यावर रुसता येत नाही. नवरा हाताशी असतो.

सुभेदार गुहागरकडचे. फौजेतून निवृत्त होऊन कुवेतला आले आणि वाळवंटातल्या एका नेमबाजीच्या क्लबात शस्त्रांच्या खोलीवर लागले. हौशी लोक तिथे तासाभरासाठी पिस्तूल भाड्याने घेत. ती मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची, उघडून पुसायची, हे त्यांचं काम. बायको गावी, आणि स्वतः इथे महबुला वस्तीतल्या एका खोलीत आणखी पाचजणांबरोबर. आमचे हे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका ठेकेदाराकडे हिशेबनीस. दोघांची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली, आणि त्यानंतर दर शुक्रवारी सुभेदार आमच्याकडे जेवायला येऊ लागले. येताना शर्कच्या मासळीबाजारातून पापलेट आणायचे. इथे त्याला झुबैदी म्हणतात. कल्ला स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्यांनी एकही झुबैदी कधी घेतला नाही.

त्यांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती. मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण मला सगळं माहीत होतं. सरहद्द, बर्फ, शत्रूची गोळी. मंडळाच्या हळदीकुंकवात मी ही हकिकत इतक्यांदा सांगितली, की दर वर्षी तीत बर्फ वाढत गेला. सुभेदारांच्या कानावर ती आली असणारच. त्यांनी मला कधी खोटं पाडलं नाही.

तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. म्हणजे अगदीच अल्लड वय.

आमची केतकी टेक्सासला एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. एकटी राहायची. पहाटे रात्रपाळी संपवून ती गाडीपाशी जाताना एक माणूस तिच्या मागे मागे आला. पुढच्या आठवड्यात परत आला. पोलिसांना कळवून झालं, आणि मग तिने मला फोन केला. "आई, मी गन घेतेय. क्लास बुक केलाय. दोन ब्रँड शॉर्टलिस्ट केलेत, फ्रेंड्समध्ये फिफ्टी-फिफ्टी आहे. डोन्ट फ्रीक आउट."

दुसरी एखादी आई देवासमोर बसली असती. मी कामाला लागले. लेकीला काय हवं ते आईला लेकीपेक्षा जास्त कळतं, अशी माझी त्या काळी पक्की समजूत होती. चार दिवस फोनवर व्हिडिओ पाहिले. मोठाल्या दाढ्यांचे अमेरिकन लोक दोन्ही पिस्तुलं समोर ठेवून तासतासभर बोलत, आणि मी कोथिंबीर निवडता निवडता मान डोलवत असे. एक पिस्तूल ऑस्ट्रियन, चौकोनी, साधं. दुसरं अमेरिकन, जरा गोलाईचं, अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका असलेलं. केतकीसाठी आलेली स्थळं मी एका वहीत उतरवून ठेवत असे. त्याच वहीत, डाव्या पानावर कोथरूडचा इंजिनियर आणि डोंबिवलीचा सीए, तर उजव्या पानावर ऑस्ट्रियन आणि अमेरिकन. रकाने तेच ठेवले: घराणं, वजन, रूप, स्वभाव, खर्च.

शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी ती वही सुभेदारांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट वाचली.

"हा डोंबिवलीवाला बरा वाटतो."

"सुभेदार, उजवं पान!"

त्यांनी उजवं पानही तितक्याच शांतपणे वाचलं. "दोन्ही घराणी चांगली हायत, वहिनी. दोन्ही रोज माझ्या हाताखालून जातात. धुळीत पडली तरी कुरकुर नाय. आता मुलीचं सांगा."

"मुलीचं काय सांगायचं?"

"नांदणार कशी, ते. स्थळ बघताना तेच तर विचारतात."

मला हे उत्तर अजिबात पसंत पडलं नाही. मी तज्ज्ञ झाले होते, मला निकाल हवा होता. म्हणून पुढच्या आठवड्यात ह्यांना गाडी काढायला लावून मी क्लबात जाऊन थडकले. कानांवर आवाज अडवणारी डबडी, डोळ्यांवर चष्मा. सुभेदारांनी दोन्ही पिस्तुलं माझ्यासमोर उघडून दाखवली. गोळ्यांचं मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, आत पाहिलं, करंगळीने चाचपलं, परत पाहिलं. मग मला पाहायला लावलं. मी म्हटलं, "आत्ताच तर तुम्ही बघितलंत!"

"मी बघितलं. तुम्ही नाय बघितलं."

दोन्हीतून पाच-पाच गोळ्या झाडल्या. चौकोनीतल्या एका गोळीने माझ्या कागदाला भोक पडलं. दुसऱ्यातल्या तीन गोळ्या शेजारच्या कुवेती गृहस्थाच्या कागदावर गेल्या. तो सभ्य माणूस, "माशाल्ला" म्हणाला. गाडीत बसताना मी ह्यांना सांगितलं, "चौकोनीच." हे म्हणाले, "शेजाऱ्याला विचार, तो दुसरं घे म्हणेल."

सुभेदार मात्र अजून निकाल द्यायला तयार नव्हते. पुढच्या शुक्रवारी त्यांनी माझा पितळी खलबत्ता मागितला. त्यातला बत्ता उचलून हातावर तोलला. "पाऊण किलो. बंदूक भरलेली असली की साधारण एवढीच होते. हा पंधरा दिवस सांभाळायचा, वहिनी. घरात, बाजारात, देवळात. एकतर अंगाशी, नायतर कुलपात. तिसरी जागा नाय. कोणाला दिसता कामा नये, कोणाच्या हाताला लागता कामा नये. पंधरा दिवस जमलं, की मी ब्रँड सांगतो."

"पण पिस्तूल केतकीला घ्यायचंय."

"निवडताय तुम्ही ना?"

यात तर मी सपशेल पकडले गेले. मग मी बत्ता पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, पंधरा काय, पन्नास दिवस सांभाळीन. आयुष्यभर दागिने, पासपोर्ट आणि नवरा सांभाळलेली बाई मी.

पहिल्या दिवशी खांदा भरून आला. दुसऱ्या दिवशी बत्ता पर्समध्ये आहे हे विसरून मी वेलदोडे कुटायला तो घरभर शोधला. चौथ्या दिवशी मंडळाच्या कार्यक्रमात रांगोळी घालताना पर्स एका मैत्रिणीकडे दिली. ती ओरडली, "अगं, काय धोंडे भरलेस काय?" आणि पर्स उघडून तिने बत्ता सगळ्यांना उंच धरून दाखवला. मी हसून वेळ मारून नेली आणि सुभेदारांना हे सांगायचं नाही असं ठरवलं. दहाव्या दिवशी सुपरमार्केटच्या ट्रॉलीत पर्स ठेवून मी दह्याकडे गेले. आठ पावलं असतील. ती आठ पावलंही मी सांगितली नाहीत. माझ्या वहीत मी पास होते.

चौदाव्या दिवशी शुक्रवार होता. सुभेदार नेहमीच्या खुर्चीत बसले होते. शेजारच्या कुलकर्ण्यांची अडीच वर्षांची मनू आमच्याकडे खेळायला आली होती. तेवढ्यात केतकीचा फोन आला. घरात रेंज नीट येत नसे, म्हणून मी पर्समधून फोन काढला आणि बाल्कनीत गेले. पर्समधून फोन काढताना आधी बत्ता बाहेर काढावा लागे. तो मी सोफ्यावर ठेवला. वर माझी ओढणी पडली होती, म्हणजे झाकलेला होता, असं मी नंतर दोनदा म्हणाले.

फोनवर बोलता बोलता काचेतून आत नजर गेली. मनूने दोन्ही हातांनी बत्ता उचलला होता आणि त्याचं टोक तोंडाशी धरून ती गाणं म्हणत होती. सुभेदार खुर्चीतून उठले होते. ओरडले नाहीत, धावले नाहीत. हळूच गुडघ्यांवर बसले, तिच्यासमोर हात पसरला आणि म्हणाले, "आता माझी पाळी." तिने बत्ता त्यांच्या हातावर ठेवला. नुसतं पितळ ते. पायावर पडलं असतं तर फार तर नख काळं झालं असतं. पण सुभेदारांनी तो टेबलाच्या मध्यावर, तिचा हात पोचणार नाही असा ठेवला. मी फोन तसाच हातात धरून आत आले. केतकी पलीकडून "आई? आई?" करत होती.

मनूला तिच्या घरी पोचवून आले तेव्हा बत्ता टेबलावर होता. मी म्हणाले, "झाकलेला होता हो." परत म्हणाले. सुभेदारांनी डावा हात टेबलावर, बत्त्याशेजारी ठेवला.

"ही बर्फात नाय गेली, वहिनी. पुसायला बसलो होतो, दुपारच्याला, बराकीत. जोडीदाराने बंदूक हातात दिली, म्हणाला, खाली है. चांगला माणूस, कधी खोटं बोलणारा नाय. मी नाय बघितलं." मग म्हणाले, "करंगळीवर निभावलं. समोर दुसरा कोणी बसला नव्हता म्हणून."

एवढी वर्षं मी ज्या करंगळीवर बर्फ पाडत होते, तिच्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्यांना मैत्रिणीची पर्स सांगितली. ट्रॉलीपासूनची आठ पावलंही सांगितली. ते म्हणाले, "नापास," आणि ताक मागितलं.

मला वाटलं, आता ते केतकीला नको म्हणून सांगतील. मला तेच हवं होतं. माझ्याच्याने झालं नाही, तर तिच्याच्याने कसं होईल? त्यांनी मलाच केतकीला फोन लावायला सांगितला. तिच्याशी ते तिच्या वडिलांसारखे बोलले. घरी कोण येतं-जातं, राग आला की काय करतेस, हाताचा पंजा केवढा, सगळं विचारलं. मग तिलाही तीच परीक्षा दिली. बत्ता तिच्याकडे नव्हता, म्हणून राजम्याचा डबा.

"आणि खोटं सांगायचं नाय, बाळा. तुझ्या आईने दोनदा लपवलं."

"ओ माय गॉड, आई!"

पंधरा दिवसांनी, सुभेदार आमच्याकडे असतानाच, केतकीचा फोन आला. डबा एकदाही तिसऱ्या जागी गेला नव्हता. पहिल्याच दिवशी तिने छोटी तिजोरी आणली होती. हॉस्पिटलात पिस्तूल न्यायची परवानगी नाही, हे तिने आधीच विचारून ठेवलं होतं आणि गाडीतही एक कुलपाची पेटी बसवून घेतली होती. पर्समध्ये मोकळं टाकायचं नाही, चाप पूर्ण झाकणारं कडक म्यान हवं, हेही ती क्लासात शिकून आली होती. माझ्या वहीत या कशालाच रकाना नव्हता. सुभेदार नुसते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "आता ब्रँड विचार."

"कोणता, काका?"

"दोन्ही भाड्याने घे. शंभर-शंभर गोळ्या चालव. डोळे मिटून हातात धरली की जी आपलीच वाटेल, ती."

"दॅट्स इट?"

"एवढंच होतं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर तुझ्या आईला पटलं नसतं."

तिने गोलाईचं, अमेरिकन घेतलं. माझं चौकोनी मत वहीतच राहिलं. तिच्या मागे येणाऱ्या त्या माणसाला पुढे पोलिसांनी समज दिली आणि तो परत दिसला नाही. पिस्तूल म्यानातून बाहेर काढायची वेळ केतकीवर कधी आली नाही. माझ्या काळजीचं म्हणाल, तर ती त्या राजम्याच्या डब्यापासून कमी झाली.

दोन वर्षांनी सुभेदारांचं कंत्राट संपलं. महबुल्याची खोली सोडताना त्यांनी कपाटाचे सगळे कप्पे दोनदा चाचपले. आम्ही विमानतळावर सोडायला गेलो. मी डोळे पुसत होते, लाडू देत होते, गावी वहिनींना हे सांगा, ते सांगा, चाललं होतं. ते मध्येच म्हणाले, "वहिनी, पर्स कुठाय?"

पर्स मागे, लांब कुणाच्या तरी ट्रॉलीवर होती. आमची ट्रॉली कोणती तेही मला आठवेना.

"नापास," म्हणाले आणि हसत आत गेले. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

केतकीचं पुढे लग्न झालं. ना कोथरूड, ना डोंबिवली, तिने तिसराच शोधला. तिची लेक रांगायला लागली तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला. "आई, मी टेस्ट परत दिली. त्याच डब्याने."

"आणि?"

"तिसऱ्या दिवशी डबा डायपर बॅगेत सापडला. अगदी वर, कोणालाही दिसेल असा." मग म्हणाली, "काल दुकानात जाऊन पिस्तूल परत देऊन आले." तिने लगेच गुहागरला फोन करून सुभेदारांनाही सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "पास." मला आयुष्यात तो शब्द त्यांच्याकडून मिळाला नाही. पण लेकीला मिळाला, तर अर्धा माझाही धरते मी.

गेल्या वर्षी गुहागरहून फोन आला. त्यांच्या बायकोचा. आम्ही दोघी कधी भेटलो नव्हतो, पण दर शुक्रवारच्या कालवणामुळे मी त्यांना माहीत होते. पहाटे झोपेतच गेले, म्हणाल्या. त्रास काही झाला नाही. शेजारचा डॉक्टर येऊन बघून गेला, म्हणाला, संपलं.

"मी तरी बघितलं, वहिनी," त्या म्हणाल्या. "हात लावून. दोनदा."

फोन ठेवून मी बाहेरच्या खोलीत आले आणि सुभेदारांच्या नेहमीच्या खुर्चीकडे बघत राहिले. शुक्रवार होता. हे म्हणाले, "कोणी नाही गं तिथे, खुर्ची रिकामी आहे."

मी जाऊन बघितली.