जाळीतली राख

गंगेकाठी आमच्या दुर्गाघाटच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून मी ती स्मशानामागच्या मैदानात लावतो. एसी गरम हवा फेकू लागला, तेव्हा मैदागिन चौकातल्या एका मिस्त्रीकडे नेली. त्याचं नाव विचारायचं राहिलंच.

गॅस पुरेसा होता. मग त्याने बॉनेट उघडून कंडेन्सरच्या जाळीवर बोट फिरवलं. बोट करडं झालं. पुसण्याऐवजी ते त्याने कपाळाला लावलं.

पाणी मारण्याआधी सगळी राख ब्रशने हळूहळू एका डब्यात झाडून घेतली.

"नाली में नहीं बहाएँगे, साहब. गंगाजी में डाल दीजिएगा. लोग हैं."

डबा बाजूच्या सीटवर ठेवून मी घाटाकडे निघालो. एसी आता गार हवा फेकत होता. वाटेत हात पुढे करून मी एसीची एक झडप डब्याकडे वळवली.