नारळाला तोंड

माझ्या हातांना गप्प बसणं ठाऊक नव्हतं. आमच्या रत्नागिरीच्या घरात वाण्याच्या पुडीचा कागद, जुनं पंचांग, काडेपेटीचं खोकं, काही म्हणून फुकट जात नसे. सगळं एका फुटक्या मडक्यात भिजत पडायचं. आंबूस वास सुटला की ते पाट्यावर वाटायचं, कसर लागू नये म्हणून मेथीची पूड घालायची, चिंचोक्यांची खळ घालायची, की लगदा तयार. बाकीच्या बायका त्यानं सुपं लिंपत. मी करवंटीवर, नारळाच्या काथ्याळ सोडणावर तो थापून जनावरं करत असे आणि गेरू, हळद, नीळ, काजळ यांनी ती रंगवत असे. शेजारणी मला रिकामटेकडी म्हणत. म्हणोत. रिकामी होतेच मी. मूलबाळ नव्हतं आणि नवरा बोटीवर.

आमचे हे बोटीवर आगवाले होते, भट्टीत कोळसा लोटायचं काम. रजेवर आले की माझ्या जनावरांपुढे उकिडवे बसत आणि एकेकाला नावं ठेवत. "ह्यो वाघ हाय का वाण्याचा बोका?" मी फणकारले की आणखी चिडवत. शेवटच्या खेपेला त्यांनी कुठल्याशा दूरच्या बंदरात पाहिलेल्या जिराफाचं वर्णन केलं. अंगावर ठिपके, पाय काटक आणि मान म्हणजे पोफळच. मी लगेच करायला घेतला. पोफळीची विरी, म्हणजे झावळीचं रुंद देठ, गुंडाळून मान उभी केली, वर लगदा चढवला. तो पाहून हे पोट धरून हसले.

"मान आखूड झाली गो! रंगवू नको अजून. फुडच्या खेपेला नीट बघून येतो, मग सांगतो."

ते गेले ते गेलेच. बोट परत आली, तिच्यावर हे नव्हते. कोणी म्हणे मधल्या बंदरात उतरले ते पुन्हा चढलेच नाहीत, कोणी म्हणे पाण्यात पडले. खरं कोणालाच माहीत नव्हतं, आणि जे माहीत नाही ते मी कशाला मानू? मी कुंकू लावत राहिले, बांगड्या भरत राहिले आणि लगदा वाटत राहिले. हत्ती झाले, मगरी झाल्या, कासवं झाली. चुलीवरच्या माळ्यावर त्यांची दाटी झाली. जिराफ मात्र तसाच बिनरंगाचा उभा होता. आणि माणूस मी एकदाही केला नाही. जित्या माणसाची मूर्ती केली की त्याचं आयुष्य घटतं, असं माझी आई सांगायची. यांच्या आयुष्यातला एक दिवसही मी माझ्या हातानं कमी करणार नव्हते.

अशी बारा वर्षं सरली. परागंदा माणसाची आमच्यात बारा वर्षं वाट बघतात. मग पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. त्यानंतर तो माणूस मेला आणि त्याची बायको विधवा झाली.

सासूबाईंनी हाच धोशा लावला होता. त्यांचे डोळे केव्हाच गेले होते. पोरगा रोज स्वप्नात येऊन पाणी मागतो, म्हणायच्या. मला त्यांचा संताप यायचा आणि तो धडपणे करताही यायचा नाही. कारण घरात आलेली प्रत्येक पुडी चाचपून, मांडीवर सरळ करून माझ्या मडक्यात टाकणाऱ्याही त्याच होत्या. त्यांना मुलगा सुटायला हवा होता, मला नवरा यायला हवा होता. शेवटी धाकट्या दिरांनी तिथी धरली. मला कोणी विचारलं नाही.

विधीच्या दिवशी सकाळी सासूबाईंनी नवीनच काढलं. "बिनतोंडाचा जायाचा माझा पोर? यमाला वळखू कसा यायचा? तुझ्या हातात कला हाय. नारळाला तोंड कर."

भटजी म्हणाले, शास्त्रात तोंडाची गरज नाही. पण म्हातारी ऐकेना. मी पडवीत नारळ आणि लगदा घेऊन बसले. समोर दीर पळसाची पानं नीट करत होते. खरं सांगते, त्या दुःखातही मला एक हाव सुटली होती. जाळणार तर जाळणारच आहेत, त्याआधी एकदा तरी ते तोंड माझ्या हातांखाली येईल. कपाळ केलं, नाक केलं, ओठ केले. बोटं भराभर चालत होती. मला वाटलं, आले हे.

तयार झाल्यावर नारळ सासूबाईंच्या मांडीवर दिला. त्यांनी कपाळावरून हात फिरवला, नाकावरून खाली आणला. हनुवटीवरच्या खळीपाशी बोट थांबलं.

"ह्यो तो न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो धाकटा हाय."

दिरांनी पानं खाली ठेवली आणि स्वतःच्या हनुवटीला हात लावला. खळी त्यांचीच होती. बारा वर्षं रोज जे तोंड समोर दिसत होतं तेच माझ्या बोटांनी उचललं होतं, आणि जित्या माणसाचं ते तोंड घटकाभरानं सरणावर जाणार होतं. मी नारळ ओढून घेतला आणि नखांनी सगळा लगदा खरवडून काढला.

मग मी म्हणाले, "आत्याबाई, त्येंची हनवटी कशी होती? तुमी सांगा, मी करते."

सासूबाईंनी दोन्ही हात वर उचलले, एखाद्याचं तोंड धरावं तसे. "अशी," म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "अशी..." हात तसेच राहिले. त्यांनाही आठवत नव्हतं. जन्म दिलेल्या आईला नाही आणि वाट बघणाऱ्या बायकोला नाही.

नारळ बोडकाच गेला. संध्याकाळी माझ्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. रड, मोकळी हो, असं सगळ्या म्हणत होत्या. पण ते मेले म्हणून मला रडू येत नव्हतं. ज्याची वाट पाहिली त्याला तोंडच उरलं नव्हतं. ते दारात येऊन उभे राहिले असते तरी मी ओळखलं असतं का, हे मला सांगता येत नव्हतं.

पुढं एका दुपारी माळ्यावरून जिराफ काढला. मेथीमुळे इतक्या वर्षांत त्याला कसर लागली नव्हती. गेरू कालवला आणि मान रंगवून टाकली. ती आखूड आहे का, ते मला अजून माहीत नाही.