हर्सूलच्या तेलाला आलेला फेस

टाकीच्या काचेत रेघ यायला पाहिजे होती. सकाळचे दहा वाजले तरी आली नाही.

ही रेघ काय ते सांगतो. आमच्या चिकलठाण्याच्या प्लांटवर हॉटेलांचं वापरलेलं तेल येतं. वडे, भजी, समोसे तळून काळं पडलेलं. ते गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं. मग त्यात मिथेनॉल अन् कॉस्टिक घालून गरम असतानाच ढवळायचं आणि निवांत ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं, वर चहाच्या रंगाचं पातळ बायोडिझेल. दोन्हीच्या मधी सरळ रेघ. मी सातवी नापास माणूस, पण ती रेघ बघायला रोज काचेशी जातो. ज्या तेलात आता भजंही तळू नये त्यावर ट्रक चालतो, हे मला अजून खरं वाटत नाय.

त्या दिवशी काचेत नुसतं दही होतं.

वैशाली मॅडम आमच्या केमिस्ट. त्यांनी थोडं बोटावर घेऊन चोळलं. "साबण झालाय," म्हणाल्या.

तेल लई आंबलेलं असलं की कॉस्टिक त्याचा साबण करतं. म्हणून आंबलेलं तेल आम्ही घेतच नाय. दुकानातच तेलात कागदाची पट्टी बुडवायची. निळी राहिली तर डबा घ्यायचा, पिवळी पडली तर परत. ते काम माझं. ही बॅच सगळी माझ्या हर्सूलच्या फेरीत गोळा केलेल्या तेलाची होती. एकही पट्टी पिवळी पडली नव्हती. मॅडमची आंबटपणाची टेस्टही पास होती.

मालक आले. आधी टाकीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, डबे कोण धुतं?"

"मी."

"कशानं?"

"धुण्याच्या पावडरीनं."

"मग साबण कुठून आला हे वेगळं विचारायला नको."

"तीन पाण्यानं खळखळतो मी."

मॅडम मधी पडल्या. "सर, डब्याला चिकटून एवढा साबण येत नाही."

"मग कुठून आला सांगा." मॅडम टेस्टची वही चाळायला लागल्या. मालक म्हणाले, "काका, वय झालं तुमचं. सोमवारपासून घरी आराम करा."

आराम कशाचा करायचा? बायको, कौसल्या, जाऊन दीड वर्ष झालं. पोरगी कन्नडला दिलेली. घरात भिंती अन् मी. तीस वर्षं कँटीनमधी वडे तळले, रिटायर झालो तेव्हा कौसल्या होती, घरी बसणं बरं वाटायचं. ती गेल्यावर या कामाला लागलो ते पगारासाठी नाय. सकाळी उठून कुठंतरी जायला पाहिजे म्हणून. पण हे मालकाला सांगून काय होणार होतं?

रविवारी फेरीचे कपडे भिजवले. आधी कौसल्या धुवायची, आता मी धुतो अन् वाईट धुतो. शर्टावर हर्सूलच्या तेलाचा डाग होता. साबण अजून लावलाही नव्हता, नुसता चोळला, तर डागातून फेस आला. पुन्हा चोळला, पुन्हा फेस. पँटवर गुलमंडीच्या, म्हणजे माझ्या दुसऱ्या फेरीच्या, तेलाचा डाग होता. तो चोळला. काय नाय, नुसता चिकट.

गुलमंडीचे डबेही मीच धुतो. त्याच पावडरीनं.

म्हणजे साबण डब्यात नव्हता. तेलातच होता, आमच्याकडं यायच्या आधीपासून.

कपडे बादलीत सोडले अन् रिक्षानं हर्सूल गाठलं. जेलच्या रस्त्याला रशीदभाईचा भज्यांचा गाडा आहे. आत कैद्यांच्या मुलाखतीला आलेली माणसं त्याच्याकडंच खातात.

"क्या चाचा, आज इतवार को?"

"रशीद, तेलात काय टाकतो?"

"कुछ नै."

"साबण टाकला?"

"तोबा. खाने के गाडे पे साबण कायकू डालूँगा?"

"मग काय टाकलं?"

त्यानं फडक्याखालची पुडी काढून दाखवली. "खाने का सोडा. तुमीच बोले थे ना, तेल खट्टा हो गया करके. खट्टे पे सोडाच डालते. सालन में इमली ज्यादा गिरी तो अम्मा बी चुटकी डालती थी. गरम तेल में डाला, फेस आया, बैठ गया. पट्टी नीली की नीली. बाजूवालों को बी बता दिया मैं."

अख्ख्या लायनीनं सोडा टाकला होता.

मला आठवलं. महिन्याखाली त्याची पट्टी पिवळी पडली होती. का म्हणून त्यानं विचारलं. "आंबट झालंय, नाय चालत," एवढं बोलून मी टेम्पोत चढलो होतो. तेल आम्ही उचललं नाय तर त्याला पावती मिळत नाय, अन् अन्न खात्याचे तपासणीवाले विचारतात, काळं तेल कुठं गेलं? त्यानं आचाऱ्याच्या डोक्यानं इलाज केला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. सोड्यानं आंबटपणा मारला, पण मारताना त्याचा साबण केला. पट्टीला आंबट तेवढं कळतं. साबण कळत नाय.

सोमवारी प्लांटवर गेलो अन् सगळं सांगितलं. रशीदला मी काय बोललो होतो तेही सांगितलं. मॅडमनी हर्सूलच्या उरलेल्या डब्यातलं तेल बाटलीत घेतलं, वर गरम पाणी ओतून हलवलं. बोटभर फेस उभा राहिला. मॅडमला साबणापेक्षा त्यांच्या टेस्टचंच नवल. "म्हणजे माझी टेस्ट बरोबर होती. तेल आंबट नव्हतंच."

मालक फेसाकडं बघत होते. "म्हणजे काका, डबे तुम्ही नीट धुता. बोलत तेवढं नीट नाय."

"व्हय."

"त्या रशीदचं तेल बंद करा."

"नका करू. तो फसवत नव्हता. उलट माझं ऐकलं त्यानं. बंद करायचं तर मला करा."

मालकांनी दाराबाहेर बघितलं. म्हणाले, "टेम्पो उभा आहे बाहेर. गुलमंडीची फेरी कोण करणार?"

मॅडमनी टाकीतल्या त्या दह्यात ॲसिड घालून तापवलं. साबण फुटला, निम्म्याहून जास्त तेल वर आलं. बाकीचं वाया गेलं. आता फेरीत पट्टीबरोबर बाटलीही नेतो. गरम पाणी हॉटेलात असतंच.

पुढची बॅच लागली तेव्हा रशीदला प्लांटवर आणलं. काचेतली रेघ त्यानं लई वेळ बघितली.

"इसपे गाडी चलती?"

"चालते."

"कैसे चलती पन?"

मी मॅडमला हाक मारली. त्यांनी समजावून सांगितलं. मीही उभा राहून ऐकलं. निम्मं कळलं.

तळणाऱ्या माणसाला नुसतं बिघडलंय म्हणून निघून येऊ नये. तो ते नीट करायला जातो, अन् कशानं करील ते आपल्याला ठाऊक नसतं. आता प्रत्येक गाड्यावर थांबून सांगतो, तेलात काही घालू नका, आंबायच्या आधी दोन दिवस बाजूला काढा, अन् का ते पण सांगतो. मालक म्हणतात, काका, हर्सूलच्या फेरीला लई वेळ लावता.

लावतो. घरी जायची घाई कुणाला आहे?