टेम्पोवरचा विंचू

समोरच्या दुकानाला रंग देणं चालू आहे. ऑइलपेंटचा वास आला की मी अजून खिडकी लावून घेतो.

विंचू ही वाशिममधल्या एका टोळीची खूण होती. स्टँडावरच्या एका रिक्षापासून ती निम्म्या शहराच्या गाड्यांवर पसरली. विंचू असलेल्या गाडीला कोणी अडवत नाही, म्हणून शाळकरी वयात मी शहाण्यानं तो ऑइलपेंटनं आमच्या भाजीच्या टेम्पोवर काढला. दिसायला झुरळासारखा. केनवडच्या बाजारात विरोधी टोळीच्या पोरांनीच बाबांना आणि मला घेरलं.

"काका, हा विंचू कोनं काढला?"

मी टेम्पोच्या आड सरकलो. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांना म्हणाले,

"म्या काढला. वांग्याले नजर लागू नये म्हनून."

"पुसून टाका. पुन्हा दिसला तर टेम्पो जाळू."

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझा खांदा थरथरतोय, असं मला वाटलं. आज माझा मुलगा माझ्या तेव्हाच्या वयाचा आहे. आता कळतं, थरथरत होता तो बाबांचा हात.