आधी यांची मान

उदगीरच्या महादेवीच्या नाकावर राग असतो, असं सासर-माहेर दोन्हीकडचे म्हणत. खोटं नव्हतं, पण त्या दुष्काळी वर्षी रागवायला कारणच तसं मिळालं होतं.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. मज्जातंतूंचा हा चिवट आजार मधूनच उसळे. पाय जड होत, डोळ्यांपुढे धुकं येई. इंजेक्शनं चालू होती तोवर दबून होता. पण नवरा गुरुबसप्पा पडला पाइपांचा दुकानदार. गावात नळाला पाणी नाही, दुकानात ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ म्हणणाऱ्यांची दिवसभर बैठक. त्यांतल्याच कुणीतरी सांगितलं, मानेच्या शिरा अरुंद झाल्या की मेंदूतलं रक्त तुंबतं आणि हा आजार होतो. तुंबलेले पाइप मोकळे करणं हा गुरुबसप्पाचा रोजचाच धंदा; त्याला ते लगेच पटलं.

हैदराबादच्या एका खासगी दवाखान्यात तिच्या मानेच्या शिरेत फुगा घालून ती रुंद केली. महिनाभर बरं वाटलं. "आता सुया कशाला?" म्हणत त्यानं इंजेक्शनं बंद केली आणि बायको बरी झाल्याचा गावभर डांगोरा पिटला.

श्रावणात पूजेला तिनं डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलं, तर हात थरथरू लागला. लिंग पडता पडता राहिलं. ती ढसाढसा रडली.

"शीर पुन्हा बुजली असंल. पुन्हा उघडू," गुरुबसप्पा म्हणाला.

शीर तपासायला लातूरला गेले, तर सोनोग्राफीच्या खोलीत ती आडवी व्हायलाच तयार होईना. "डॉक्टरसाहेब, आधी यांची मान बघा."

"मला काय झालंय?"

"काही न्हाई ना? मग झोपा की!"

डॉक्टरांनी हसत मशीन फिरवलं आणि थांबले. "तुमची डावी शीर बाईंच्या जुन्या रिपोर्टातल्या शिरेपेक्षाही बारीक आहे. धडधाकट माणसांतही अशा सापडतात. त्यानं हा आजार होतो, असं काही सिद्ध झालेलं नाही."

दिवसभर लोखंडी पाइप उचलणारा गुरुबसप्पा पडल्या पडल्या स्वतःची मान चाचपू लागला.

"ऐकलं का?" महादेवी कडाडली. "बारीक शीर घेऊन तुम्ही पाइप उचलायलात, अन् माझ्या मानेत फुगे घालायलात! लई शहाणे! माझं औषध तोडलं तुम्ही. चला मेंदूच्या डॉक्टरकडं, आत्ताच्या आत्ता!"

ती तरातरा निघाली, पण जिन्याच्या पहिल्याच पायरीवर पाय अडला. गुरुबसप्पानं हात पुढे केला. तो धरल्याशिवाय खाली उतरता येणार नव्हतं, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.